मदत हवी आहे: 2017 चा पॅच लागत नाहीये

परतवाट: 2017 मध्ये एक पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलांची फाइल, पाठवला होता, नंतर सगळंच सुटलं. आता पुन्हा काम सुरू करायचंय, पण तो पॅच लागतच नाही. दोन रात्री गेल्या. पुढच्या कमिटफेस्टच्या, म्हणजे पॅच तपासायच्या फेरीच्या, आत पाठवायचाय, कृपया लवकर सांगा.

क्वेरीवेडा: कुठल्या डेटाबेसचा?

परतवाट: पोस्टग्रेसक्यूएल. कमिटफेस्ट म्हटलं की!

निळी_शाई: मायनर आवृत्ती असेल तर डंप वगैरे काही लागत नाही. नव्या बायनरी टाका, सर्व्हर रीस्टार्ट करा. मेजर असेल तर पीजी_अपग्रेड.

क्वेरीवेडा: शाई, ते सर्व्हर अपग्रेड करत नाहीयेत, सोर्सकोडचा पॅच आहे. परतवाट, एरर जशीच्या तशी द्या. कुठल्या शाखेवर लावताय? पॅचमध्ये आहे काय?

मेसनप्रेमी: आधी कोड बिल्ड करायला मेक सोडा, मेसन घ्या. आवृत्ती 16 पासून आलंय. माझं बिल्ड कितीतरी लवकर होतं.

क्वेरीवेडा: त्याचा इथे काय संबंध? मेकही अजून चालतं.

अनुक्रमणिका: मेलने पॅच कशाला पाठवायचे? गिटहबवर पुल रिक्वेस्ट टाका ना.

जुनी_खोड: पोस्टग्रेसची गिटहबवरची प्रत नुसता आरसा आहे, तिथे पुल रिक्वेस्ट घेत नाहीत. पॅच हॅकर्स लिस्टवरच, म्हणजे डेव्हलपरांच्या मेलिंग लिस्टवरच, जातो.

अनुक्रमणिका: म्हणूनच नवीन माणूस फिरकत नाही. मारियाडीबीत पुल रिक्वेस्ट चालते, मी स्वतः टाकली आहे.

जुनी_खोड: पण यांची 2017 ची चर्चा आजही लिस्टच्या संग्रहात शब्दन् शब्द वाचता येते. मला ते फार मोलाचं वाटतं.

परतवाट: मास्टरवर लावतोय. पॅच लावणारी गिट अप्लाय कमांड पीजी_प्रोक.एच या फंक्शनांच्या नोंदींच्या फाइलवर अडते. एक नवीन एसक्यूएल फंक्शन आहे, सी मध्ये लिहिलेलं. हे सांगायचं राहिलं.

जुनी_खोड: मग कळलं. तुमच्या पॅचमध्ये ‘डेटा(इन्सर्ट ओआयडी =’ अशी लांबलचक ओळ असेल. आवृत्ती 11 च्या वेळी, 2018 मध्ये, त्या सगळ्या ओळी तिथून काढून पीजी_प्रोक.डॅट मध्ये नेल्या. आता प्रत्येक रकाना नावासकट लिहायचा आणि डीफॉल्ट चालत असेल तिथे काहीच लिहायचं नाही. रीबेस करून, म्हणजे जुना बदल नव्या कोडवर चढवून, हे सुटणार नाही, ती ओळ हातानेच नव्याने लिहा. ओआयडी, म्हणजे फंक्शनचा ओळख क्रमांक, 8000 ते 9999 मधला घ्या; अनयूज्ड_ओआयडीज स्क्रिप्ट मोकळे आकडे दाखवते. कॅटव्हर्जन या आवृत्ती क्रमांकाला हात लावू नका, ते पॅच कोडमध्ये घेणारा कमिटर बघतो. आणि डॉक्समध्ये पूर्वी नुसतं </> लिहून टॅग बंद करायचो, तेही आता चालत नाही.

परतवाट: लागला! मेक चेकच्या टेस्टही पास. मनापासून आभार. आता खरी अडचण सांगतो. तेव्हा एकाने नीट वेळ काढून रिव्ह्यू केला होता, तीन प्रश्न विचारले होते. घरी आजारपण होतं, मी उत्तरच दिलं नाही. आता कुठल्या तोंडाने लिहू?

अनुक्रमणिका: नवीन धागा काढा, जुन्याची लिंक द्या. कोणाला आठवतंय?

जुनी_खोड: मी जुन्याच धाग्यात लिहीन. आधी तीन उत्तरं, मग नवा पॅच. दोन ओळींत दिलगिरी पुरे. आणि त्याच कमिटफेस्टमधला साधारण तेवढाच दुसऱ्या कोणाचा तरी पॅच तपासायला घ्या. तशी अपेक्षाच असते, आणि हात पुन्हा बसायला त्यासारखा उपाय नाही.

क्वेरीवेडा: प्रश्न काय होते पण?

परतवाट: पहिला होता, ‘नल (म्हणजे किंमतच नाही) आला तर?’ तेव्हा मला तो किरकोळ वाटला होता. आज ओळ नव्याने लिहिताना रकाने एकेक करून जुळवले. जुन्या ओळीत टी-एफची (हो-नाहीची) नुसती रांग होती, त्यात प्रोआयस्ट्रिक्टच्या (नल आला तर फंक्शन चालवायचं नाही, असं सांगणाऱ्या रकान्याच्या) जागी मी एफ टाकला होता. म्हणजे नल थेट फंक्शनपर्यंत येणार, आणि माझ्या कोडमध्ये तो तपासलेलाच नाही. सर्व्हर कोसळला असता. नव्या फाइलमध्ये टी हेच डीफॉल्ट आहे, म्हणून तो रकाना आता लिहिलेलाच नाही. नलची एक टेस्ट घातली. जुन्याच धाग्यात उत्तर लिहायला बसलोय, पहिल्या प्रश्नापासून.