मदत हवी आहे: टेक्नॉलॉजी इंटर्नशिपनंतर इन्व्हेस्टमेंट बँकिंगच्या फ्रंट ऑफिसला (थेट सौदे करून कमाई आणणाऱ्या विभागाला) कसं जायचं?

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. या उन्हाळ्यात एका परदेशी बँकेच्या पुण्यातल्या ऑफिसात टेक्नॉलॉजीची इंटर्नशिप केली. काम ट्रेड सेटलमेंटचं होतं. व्यवहार झाल्यावर दोन्ही बाजूंच्या नोंदी जुळतात का हे तपासणारी सिस्टिम, तिच्यासाठी जावामध्ये कोड लिहायचा. टीम चांगली होती, पीपीओसुद्धा (इंटर्नशिपनंतर तिथेच कायम नोकरीची ऑफर) मिळाली आहे. हो की नाही हे महिनाअखेरपर्यंत कळवायचं आहे.

पण तिथे बसून माझं लक्ष कोडपेक्षा व्यवहारांकडेच जायला लागलं. ही कंपनी ती दुसरी कंपनी का घेतेय? किंमत कुणी ठरवली? पैसे कर्जातून उभे करणार की शेअर देऊन? अण्णांचं इथे मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आहे. शेतकऱ्याचा माल, व्यापाऱ्याची बोली आणि दोघांचाही विश्वास सांभाळणारा अडत्या, हे बघतच मी वाढलो. मर्जर-ॲक्विझिशनवाले, म्हणजे कंपन्यांचं विलीनीकरण आणि खरेदी जुळवून देणारे, नेमकं काय करतात हे वाचलं, तेव्हा हे काम ओळखीचं वाटलं. कोडिंग मला येतं, पण आयुष्यभर करावंसं वाटतं ते हे सौद्यांचं काम.

घरी समजावणं अवघड जातंय. अण्णा म्हणतात, ‘बँकेत लागलास की, आता आणखी कुठली बँक?’ शैक्षणिक कर्ज आहे, त्यामुळे पीपीओ सोडून वर्षभर घरी बसून तयारी करणं शक्य नाही.

म्हणून विचारतो. टेक्नॉलॉजीत रुजू होऊन त्याच बँकेत आतल्या आत फ्रंट ऑफिसला बदली खरंच मिळते का? की एमबीए केल्याशिवाय दार उघडत नाही? आणि सीएफए या वित्त विश्लेषकांच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेची लेव्हल १ आत्ताच द्यावी का? पदवीच्या आधी २३ महिन्यांच्या आत देता येते, म्हणजे मी पात्र आहे. पण फी बघून छाती दडपते. या वाटेनं गेलेल्यांनी खरं काय ते सांगावं, कडू असलं तरी चालेल.

प्रतिसाद १

मी साताऱ्याचा, मुंबईत एका मर्चंट बँकेत (कंपन्यांची शेअरविक्री, विलीनीकरण असे सौदे हाताळणाऱ्या संस्थेत) आहे. इंजिनिअरिंग, दोन वर्षं आयटी, मग एमबीए असा आलो.

आधी एक गोष्ट वेगळी कर. फ्रंट ऑफिस म्हणजे एकच खातं नव्हे. ट्रेडिंग डेस्कला लागून स्ट्रॅट्स आणि क्वांट्सच्या, म्हणजे गणित आणि कोड वापरून किंमत-जोखीम मोजणाऱ्यांच्या, टीम असतात. त्यांना पायथन, संभाव्यताशास्त्र, डेरिव्हेटिव्हची (फ्युचर्स-ऑप्शन्ससारख्या करारांची) किंमत काढणं येणारी माणसं लागतात. टेक्नॉलॉजीतून आतल्या आत तिकडे जाणारे मी पाहिलेत. तुला हवंय ते डील टीमचं, म्हणजे कंपन्यांचे सौदे जुळवणाऱ्यांचं, काम. तिथली बदली फार दुर्मिळ, आणि त्याचं कारण तुझी लायकी नव्हे. पुण्यातल्या ऑफिसांत मुख्यतः टेक्नॉलॉजी, ऑपरेशन्स, रिस्क असतं. इथल्या कंपन्यांची डील करणारी टीम मुंबईत, आणि तीही छोटी. ती भरती करते एमबीए आणि सीएंमधून.

म्हणून पीपीओ घे. कर्जाचे हप्ते सुरू होऊ देत. कॅट दे आणि सोबत आपली राज्याची एमबीए सीईटीही दे, कारण जमनालाल बजाजला त्यावर प्रवेश मिळतो आणि महाराष्ट्रातल्या मुलांसाठी तिथे जागा राखीव आहेत. सीएफएनं अभ्यास होतो, मुलाखतीत गांभीर्य दिसतं, पण नुसत्या लेव्हल १ वर डील टीममध्ये कुणी घेत नाही. कर्ज असताना त्यासाठी घाई नको.

त्याआधी फुकटातलं कर. सेबीच्या वेबसाइटवर आयपीओंचे डीआरएचपी (शेअर विकायला येणाऱ्या कंपनीची सगळी माहिती देणारे मसुदे) असतात. तुला समजणाऱ्या धंद्याचा एक घे, मसाल्याचा किंवा साखरेचा. पहिल्या पानापासून नव्हे, ‘रिस्क फॅक्टर्स’ आणि आर्थिक पत्रकांपासून सुरुवात कर. मग एक्सेलमध्ये नफा-तोटा पत्रक, ताळेबंद आणि कॅश फ्लो एकमेकांना जोडून पुढच्या पाच वर्षांचं मॉडेल बांध. ताळेबंद जुळेना म्हणून रात्र जागलास आणि तरी सकाळी पुन्हा बसावंसं वाटलं, तर हे काम तुझं. आमच्याकडे शनिवार-रविवारही असेच जातात, हे अण्णांनाही सांगून ठेव.

प्रतिसाद २

वरच्या दादांशी सहमत. एक भर घालते. परदेशी बँकांच्या डील टीमना पिचबुक (ग्राहकाला दाखवायचं सौद्याचं सादरीकरण) आणि व्हॅल्युएशन (कंपनीची किंमत काढणं) करून देणारे गट भारतातही आहेत. ग्राहकासमोर बसायला मिळत नाही, पण काम त्याच विषयाचं. रुजू झाल्यावर बदली मागायचीच तर आधी तिथे माग. मागण्यापूर्वी आपल्या मॅनेजरला विश्वासात घे, परस्पर अर्ज करू नकोस. बहुतेक ठिकाणी ठरावीक काळ झाल्याशिवाय आतला अर्ज चालतही नाही, तो नियम ऑफर लेटरवर सही करण्याआधी एचआरला विचार.

धागाकर्ता

दादा, ताई, मनापासून आभार. एचआरला उद्याच मेल करतो. डीआरएचपीसाठी साखरेचा धंदा घ्यावा म्हणतोय, आमच्या भागात त्याची माहिती दारोदार मिळेल. पण दादा, उसाचा एफआरपी (कारखान्यानं शेतकऱ्याला द्यायचा किमान भाव) सरकार ठरवतं, मग मॉडेलमध्ये कच्च्या मालाचा खर्च पुढच्या पाच वर्षांसाठी कसा धरायचा?