१९४८ ची शेवरले फ्लीटमास्टर: २१६ गेलं, आता कोणतं सिक्स बसवावं?

दांडियाबाजार४८
गाडी वडोदऱ्यात, इंजिन मूळचं २१६, म्हणजे २१६ घन इंचांचं सहा सिलिंडरचं. गरम झालं की कनेक्टिंग रॉडचा ठोका येतो. तीन नंबरच्या प्लगची वायर काढली की आवाज निम्म्यावर. हेडला एक्झॉस्ट सीटपाशी तडा आहे. गिअरबॉक्स, टॉर्क ट्यूब, डिफरन्शियल ठणठणीत. २१६ परत बांधावं, शेवरलेचंच मोठं २३५ शोधावं, की जपानी सिक्स आणि फाइव्ह-स्पीड टाकून एकदाचं मोकळं व्हावं? हालोल रस्त्यावर ८० ने निवांत चालली की झालं, शर्यत लावायची नाही.

मकरपुरा_लेथ
तिसरा पर्याय आधी खोडा. १९५४ पर्यंतच्या शेवरलेत प्रोपेलर शाफ्ट टॉर्क ट्यूबच्या आत बंद असतो आणि मागच्या चाकांचा रेटा त्या नळीतूनच पुढे येतो. फाइव्ह-स्पीड लावला की नळी गेली, नळी गेली की मागचं ॲक्सल बदला. इंजिन बदलायला निघालात आणि गाडीच बदलून बसलात, असं होतं.

आता २१६. इंजिन उतरवायच्या आधी नुसता सम्प (खालचं तेलाचं भांडं) उतरवा. या इंजिनात मेन बेअरिंगना दाबाने तेल मिळतं, रॉडना मिळत नाही. रॉडच्या टोपीखाली चमच्यासारखा डिपर असतो, तो सम्पमधल्या पन्हाळीत बुडतो. वेग वाढला की नॉझलमधून येणारी तेलाची धार त्या डिपरवर बसते. कधीतरी कुणी सम्पखाली जॅक लावला असेल तर पन्हाळ चेपते, नॉझल वाकतं आणि नेमकं त्याच रॉडचं व्हाइट मेटल, म्हणजे बेअरिंगचा ओतीव मऊ धातू, उडतं. तीन नंबरखाली पोचा दिसला तर कारण तिथेच आहे. पोचा तसाच ठेवून बेअरिंग बांधलं तर ठोका परत आलाच म्हणून समजा.

व्हाइट मेटल शाबूत असेल तर शिम (टोपीखालच्या पातळ पत्र्या) काढून फट जमवता येते. उडालं असेल तर ते ओतणारा हात आता सहजी मिळत नाही, आणि तेव्हाच २३५ चा विचार करा. तुमच्या ८० च्या अपेक्षेला २१६ पुरतं: ४.११ चं डिफरन्शियल आणि २८ इंची चाक धरलं तर साधारण २,४५० आरपीएम. सततच्या १०० ला तेच ३,०६० च्या पुढे जातं, तिथे डिपरवर विसंबू नये.

जुनंलोखंड
२३५ घ्यायचं तर वर्ष बघून घ्या. १९५४ पासूनची सगळी फुल प्रेशर (रॉडनाही दाबाने तेल), शेल बेअरिंगची, म्हणजे तयार वाट्या बदलता येणारी. १९५३ मध्ये ऑटोमॅटिक पॉवरग्लाइडच्या २३५ लाच ते मिळालं. त्याच वर्षीच्या हातगिअरच्या २३५ ला आणि त्याआधीच्या ट्रकच्या २३५ ला डिपरच आहेत. ते आणलंत तर आगीतून फुफाट्यात.

१९५४ चं सगळ्यात सोयीचं: पुढचं माउंटिंग आणि वॉटर पंप जुन्याच पद्धतीचे. ताकद ११५ हॉर्सपॉवर, तुमच्या २१६ ची ९०. १९५५ नंतरचं मिळालं तर दोन कामं वाढतात. पहिलं, पुढची माउंटिंग प्लेट तुमच्या २१६ ची लावायची. ती टायमिंग गिअरच्या मागे असते, म्हणजे कॅमशाफ्ट बाहेर. टायमिंग कव्हरचे दोन बोल्ट सम्पच्या बाजूने आतून असतात. ते विसरून पहारीने कव्हर उचकटतात आणि वाकवतात. दुसरं, नंतरचा पंप वर बसतो, पंखा रेडिएटरशी जुळत नाही. मधे ॲडॅप्टर प्लेट घालून जुना पंप लावतात. प्लेट लेथवर करून घेता येते, फक्त पाण्याची भोकं गॅस्केटच्या ठशावर तपासा, एक जरी अर्धवट झाकलं तरी गाडी उकळेल.

बेलहाउसिंग, फ्लायव्हील, क्लच, स्टार्टर तुमचेच ठेवा. जुन्या ६ व्होल्टच्या फ्लायव्हीलला १३९ दाते, १२ व्होल्टवाल्याला १६८. एकाचा स्टार्टर दुसऱ्याला लावू नका, रिंग खाऊन टाकतो.

आणि डॅशवरचं तेलाच्या दाबाचं मीटर ३० पौंडांचं आहे. २३५ तेवढ्यात मावत नाही, ६० चं लावा.

आरटीओ_फाइल
कागदांचंही बघा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: परवानगीशिवाय इंजिन बदललं तर १४ दिवसांत आरसीसह कळवून नवा नंबर नोंदवून घ्यायचा. इंजिनाची खरेदी पावती आत्ताच मागून ठेवा, दोन वर्षांनी विकणारा फोन उचलत नाही. २०२१ च्या व्हिंटेज नियमांखाली ‘व्हीए’ मालिकेचा नंबर हवा असेल तर इंजिनात फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही. लक्ष्मी विलास पॅलेसवर २०२३ च्या जानेवारीत कॉन्कूर (जुन्या गाड्यांची स्पर्धा) झालं, तशा ठिकाणी गाडी न्यायचा विचार असेल तरी २१६ च बांधा. काहीही ठरलं तरी जुना ब्लॉक भंगारात देऊ नका.

दांडियाबाजार४८
सम्प उतरवला. तीन नंबरखाली रुपयाएवढा पोचा आहे आणि व्हाइट मेटलचे कपटे सम्पमध्ये पडलेत. एक जण २३५ दाखवतोय, ‘फुल प्रेशर, रेडी’ म्हणतो. वरून नवा रंग.

जुनंलोखंड
रंगाचे पैसे देऊ नका. सम्प उघडल्याशिवाय सौदा नाही: पन्हाळ-डिपर दिसले की उठून या. हेडवर ३८३६८४८ हा कास्टिंग नंबर असेल तर हेड वेगळं काढून प्रेशर टेस्ट करा, ‘८४८’ ला व्हॉल्व्ह सीटच्या मधे तडे जायची खोड आहे. ब्लॉकही टेस्टला घाला आणि सहा नंबरच्या मागचा वॉटर जॅकेट खरवडून बघा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने तिथे क्षार आणि गंज दगडासारखा बसलेला असतो.

मकरपुरा_लेथ
भर घालतो. पहिल्यांदा चालू करण्याआधी डिस्ट्रिब्यूटर काढून लांब स्क्रू-ड्रायव्हरने तेलाचा पंप फिरवा, मीटर उचलेपर्यंत. मग व्हॉल्व्ह कव्हर काढून रॉकरवर तेल झिरपतंय का बघा. वर जाणारी बारीक नळी बऱ्याचदा गाळाने बंद असते; मीटरवर दाब दिसतो आणि रॉकर शाफ्ट मात्र कोरडा झिजत राहतो.