कुटा-सेमिन्याकच्या पलीकडची बाली

कोणीतरी म्हणालं की बालीत कुटा-सेमिन्याकला, म्हणजे किनाऱ्यावरच्या पर्यटकी भागात, बीच क्लबच दिसतात, कलाबिला बघायची तर आतल्या उबूद गावीच जावं लागतं. अर्धंच पटलं.

दक्षिण टोकाच्या उलुवातू देवळातलं सूर्यास्ताचं केचक नृत्य जरूर बघा. वाद्य एकही नाही, नुसता पुरुषांचा 'चक-चक' घोष आणि त्यात रामायण! मात्र ते 'प्राचीन' नव्हे. सांगह्यांग या जुन्या विधीतला घोष घेऊन 1930च्या दशकात ते आजच्या रूपात आलं. त्यानं मजा कमी होत नाही म्हणा.

खरी गंमत ओदालानची, म्हणजे देवळाच्या वर्धापनदिनाची. बरीच देवळं तो 210 दिवसांच्या पावुकोन पंचांगाप्रमाणे करतात, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवेळी सरकते आणि इंटरनेटवर शोधून फारसं हाती लागत नाही. त्यापेक्षा हॉटेलात काम करणाऱ्या स्थानिकांना विचारा, 'तुमच्या बंजारात (वस्तीत) काही आहे का?' देवळं एवढी आहेत की जवळपास कुठेतरी काहीतरी निघतंच. सारोंग (लुंगीसारखं वस्त्र) आणि कमरपट्टा हवाच, आणि पूजा चालू असताना पुढे घुसून फोटो नकोत.

मार्चच्या सुमारास जात असाल तर न्येपीच्या (बालीचं नववर्ष, मौन पाळायचा दिवस) आधीचे दिवस साधा. किनाऱ्यालगतच्या वस्त्यांतही तरुण मंडळी ओगोह-ओगोहचे अक्राळविक्राळ पुतळे बनवत असतात. न्येपीच्या दिवशी मात्र विमानतळसुद्धा बंद, तिकिटं बघून काढा.

जून-जुलैत असाल तर राजधानी देनपसारचा बाली कला महोत्सव बघा, 1979पासूनचा. तिथे प्रेक्षकांत बालीतलीच माणसं जास्त.