सायकल मार्गाच्या खराब पृष्ठभागाची तक्रार आकड्यांत कशी मांडावी? मदत हवी आहे

नमस्कार,

मी रोज जाऊन-येऊन २२ किमी सायकल चालवते. त्यातले ७ किमी वाहनांच्या रस्त्यापासून वेगळ्या, झाडांमधून जाणाऱ्या सायकल मार्गावर येतात. गाड्या नाहीत, धूर नाही, सावली आहे. तरी गेले काही महिने घाई असली की मी मुख्य रस्ताच धरते. तिथे जिवाची भीती वाटते, पण निदान डांबर सपाट आहे. सायकलींसाठी म्हणून बांधलेला मार्ग सोडून गाड्यांच्या गर्दीत शिरावं लागतं, याचा मला मनापासून त्रास होतो.

या मार्गाचे तीन प्रकार आहेत. सुरुवातीला पातळ डांबर, आणि ते झाडांच्या मुळांनी जागोजागी उचललंय. उंचवटे आडवे आहेत, साधारण मीटर-मीटरवर. मधला भाग पेव्हर ब्लॉकचा आहे. शेवटी मुरूम. तो उन्हाळ्यात सुटा होऊन वळणावर चाक घसरतं आणि पावसाळ्यात तिथे तळं होतं.

दोनदा तक्रार केली. पाहणी झाली आणि मार्ग सुस्थितीत असल्याचं उत्तर आलं. पाहणी करणारे चालत गेले होते. मग मीही चालून पाहिलं आणि खरंच फारसं जाणवलं नाही. २ सेंमीचा उंचवटा पावलाखाली येतो आणि जातो. तोच सायकलवर थेट मनगटात आणि कमरेत बसतो.

माझ्या करंगळीला आणि अनामिकेला मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की तळहाताच्या बुडाशी अल्नर नस हँडलवर दाबली जाते आणि हादऱ्यांनी ते वाढतं. २८ मिमीचे टायर काढून ४० मिमीचे घातले, हवा ८० पीएसआयवरून ५० वर आणली, जाड हातमोजे घेतले. फरक पडला. पण याच मार्गावर व्हीलचेअरवरून येणारे लोक आहेत, छोट्या चाकांच्या सायकली घेतलेली मुलं आहेत. त्यांनी काय बदलायचं?

रस्त्यांचा खडबडीतपणा मोजायला आयआरआय नावाचा निर्देशांक वापरतात, पण त्यातलं गणित ताशी ८० किमी वेगाने जाणाऱ्या मोटारीच्या एका चाकावर बेतलेलं आहे. सायकलला ते लागू कसं करणार? मोबाइलवर हादरे नोंदवता येतात असं वाचलंय. कोणी प्रत्यक्ष केलंय का? आणि या तीन भागांसाठी नेमकी कोणती दुरुस्ती मागावी? नुसतं 'दुरुस्त करा' म्हटलं की वरवर पॅचवर्क होतं, आणि ते दुसऱ्या पावसात उखडतं.

प्रतिसाद १

मोबाइलवर मोजता येतं, मी केलंय. फोन खिशात ठेवू नका, हँडलच्या स्टेमला (हँडल सायकलला जोडणाऱ्या दांड्याला) घट्ट बांधा. शक्यतो जुना फोन घ्या, सततच्या हादऱ्यांनी कॅमेऱ्यातला फोटो स्थिर ठेवणारा स्टॅबिलायझर बिघडू शकतो. सेकंदाला १०० नोंदी घेणारं अ‍ॅप असलं आणि वेग ताशी १८ किमी ठेवला, तर तुम्ही सेकंदाला ५ मीटर जाता, म्हणजे दर ५ सेंमीला एक नोंद. सायकल, टायरमधली हवा आणि वेग दर वेळी तोच ठेवा, तीन फेऱ्या करा. एखादा चांगला सपाट तुकडाही त्याच दिवशी मोजा, म्हणजे तुलना दाखवता येईल. जीपीएस काही मीटर इकडेतिकडे होतं, म्हणून दिव्याचे खांब मोजून जागा टिपा.

आणखी एक. त्या वेगाला मीटरभर अंतरावरचे उंचवटे सेकंदाला ५ हादरे देतात. बसलेल्या माणसाचं शरीर उभ्या दिशेच्या ४ ते ८ हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला ४ ते ८) कंपनांना सर्वांत जास्त संवेदनशील असतं, शरीराला बसणारी कंपनं मोजण्याच्या आयएसओ २६३१ या आंतरराष्ट्रीय मानकातही साधारण तोच पट्टा धरलाय. म्हणून मुळांचा भाग तुम्हाला कमरेत लागतो. २० सेंमीचे ब्लॉक असतील तर तिथे तेच २५ हर्ट्झ होतात, म्हणून ते हाताला झिणझिण्या आणतात.

प्रतिसाद २

मी रस्त्यांच्या कामावर बरीच वर्षं होतो, ताई. मोबाइलचा आलेख जरूर जोडा, पण साइटवरच्या माणसाला पटते ती ३ मीटरची सरळ पट्टी. पट्टी मार्गावर लांबीच्या दिशेने ठेवायची, खालची फट मोजायची आणि फोटो काढायचा. फट मिलिमीटरमध्ये दिसली की 'सुस्थितीत' लिहिणं अवघड जातं. मोबाइलने वाईट जागा शोधा, पट्टीने सिद्ध करा.

आता दुरुस्ती. मुळं कापायला सांगू नका, झाड वाऱ्यात पडू शकतं. डांबराखाली ओल टिकते, म्हणून मुळं तिथेच वर येऊन जाड होतात. उंचवटा तासून वर नवं डांबर घातलं तर काही वर्षांत परत तेच. मार्गाची पातळीच थोडी उचलून खाली बारीक माती नसलेल्या मोठ्या खडीचा थर मागा, किंवा जागा असेल तर मार्ग खोडापासून लांब सरकवा. ब्लॉकना दोन्ही बाजूंना पक्की कर्ब (कडेची दगडी किंवा काँक्रीटची पट्टी) नसेल तर ते सरकत राहणारच. शिवाय कडा तासलेले ब्लॉक सायकलला जास्त हादरवतात, न तासलेले मागा. मुरमाचं मूळ दुखणं पाणी आहे. आडवा ढाळ २ टक्के तरी हवा आणि बाजूला चर. ते न करता नुसता रोलर फिरवला तर पैसे वाया.

आणि सायकलच्या दिशेने जाणाऱ्या लांब भेगा असल्या तर त्या यादीत सगळ्यात वर घाला. आडवा उंचवटा दणका देतो, पण अशा लांब भेगेत चाक अडकलं की माणूस पडतोच.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. रविवारी पट्टी घेऊन गेले. मुळांच्या भागात १२ जागा मोजल्या, सर्वांत मोठी फट ३४ मिमी. लांब भेगा दोन सापडल्या, एक नेमकी वळणावर. ती मी आजवर पाहिलीच नव्हती, कारण माझं लक्ष नेहमी मुळांकडे असायचं. खडूने खूण करून फोटो काढलेत. भेगांची तक्रार आजच वेगळी पाठवते, बाकीचं मोजमाप पूर्ण झाल्यावर. दादा, भेग पक्की बुजेपर्यंत तात्पुरतं तिथे काय भरता येईल, तेवढं सांगाल का?