बीपीच्या गोळ्या महिनाभराच्या एकदम देता का? तुमच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) काय अडतं?

डोंगरी_एमओ
घाटाखालच्या एका पीएचसीत मेडिकल ऑफिसर आहे. आमच्याकडे बीपी-शुगरच्या पेशंटना आठवड्याच्याच गोळ्या द्यायची पद्धत. वाडीवरची बाई वडाप पकडून येते, दिवसाची मजुरी बुडवते, रांगेत बसते आणि सात गोळ्या घेऊन परत जाते. लावणी सुरू झाली की यायचीच बंद. भात कापून झाल्यावर उगवते, तेव्हा बीपी १८०/११०. मग आपणच तिला झापतो, "औषध का सोडलं?"

इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह या बीपी आटोक्यात आणायच्या सरकारी उपक्रमात सुरुवातीच्या जिल्ह्यांत आपले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा होते. ठरलेला प्रोटोकॉल, ३० दिवसांच्या गोळ्या एकदम आणि जमेल तिथे घराजवळच्या उपकेंद्रावरच रिफील. मला एवढंच करायचंय. पण फार्मासिस्ट म्हणतात, स्टॉक पुरणार नाही. आणि मासिक मीटिंगमध्ये पहिला प्रश्न असतो, ओपीडी का घसरली? महिन्याच्या गोळ्या दिल्यावर घसरणारच ना! कोणी हे निभावलंय का?

स्टोअरवाले_काका
औषध निर्माण अधिकारी म्हणून रिटायर झालो. मॅडम, स्पष्ट बोलतो. आठवड्याने द्या की महिन्याने, माणूस रोज गोळी घेणार असेल तर गोळ्या तेवढ्याच लागतात. आज स्टॉक पुरतोय तो पेशंट गळतात म्हणून.

इंडेंट, म्हणजे स्टोअरकडे औषधांची मागणी, गेल्या वर्षीच्या खपावर टाकलं जातं, आणि खप कमी का, तर अर्धे आलेच नाहीत. ते नोंदलेल्या पेशंटच्या संख्येवर टाका. समजा ३०० पेशंट अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीवर, रोज एक गोळी. महिन्याला ९,०००, तिमाहीला २७,०००, वर थोडी शिल्लक. हा हिशोब यादीसकट लेखी द्या. तोंडी मागितलेलं स्टोअरला ऐकू येत नाही. सगळ्यांना एकदम सुरू करू नका, आधी लांबच्या वाड्या घ्या.

उपकेंद्रावरची_सीएचओ
मी सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. आम्ही देतो महिन्याच्या. फरक पडला तो आशाताईंमुळे. दर महिन्याला कोण आलं नाही त्याची यादी वहीतून काढते आणि त्यांच्याकडे देते. त्यांना माहीत असतं कोण ऊसतोडीला गेलंय, कोण लेकीकडे आहे. जाणाऱ्यांना आधीच जास्त दिवसांच्या गोळ्या देता आल्या पाहिजेत, तिथे मात्र अजून वरून होकार नाही.

अडचण म्हणाल तर पेशंटची माहिती भरायचं पोर्टल. पेशंट समोर बोलतोय आणि मी टॅबमध्ये मान घालून. रेंज नसली की तीच माहिती रजिस्टरमध्ये, मग संध्याकाळी परत ऑनलाइन. डोस वाढवायचा तर ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारी व्हिडिओ-सल्ला सेवेवर, एमओ गाठायचे, तो कॉल आमच्या टेकडीवर लागला तर नशीब.

सांगलीची_लेक
मी डॉक्टर नाही, पेशंटची मुलगी. आईला दर वेळी "मीठ कमी करा" सांगतात. घरात स्वयंपाक सून करते, नऊ माणसांचा. आईने वेगळं मागायचं कसं? एका सिस्टरनी वहिनीलाच बोलावून घेतलं आणि विचारलं, लोणचं-पापड कोण जास्त खातं? तेव्हा कुठे काही बदललं. आणि एक, दार उघडं आणि मागे रांग असताना लघवीच्या तक्रारी बायका सांगत नाहीत हो. निदान पडदा तरी लावा.

डोंगरी_एमओ
काका, यादी काढायला घेतलीय, सगळ्यात लांबच्या दोन उपकेंद्रांपासून. मीटिंगमध्ये ओपीडीच्या आकड्याशेजारी १४०/९० च्या खाली किती जण आले तेही मांडणार, विचारलं नाही तरी. ताई, पडदा लावते, रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून होईल एवढं.

सीएचओ मॅडम, वहीचा एक फोटो टाकाल का? पेशंटची नावं झाकून. रकाने कसे आखलेत ते बघायचंय.