मदत हवी आहे: राजदूत ३५०च्या उजव्या सायलेन्सरमधून दाट धूर
मंडळी, काकांची राजदूत ३५०, म्हणजे एस्कॉर्ट्सने आपल्याकडे बनवलेली यामाहा आरडी ३५०, मी पुण्यात रिस्टोर करतोय. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं आहे, पण उजव्या सायलेन्सरचा दाट धूर इंजिन तापल्यावरही थांबत नाही आणि गिअरबॉक्समधलं ऑइल कमी होतंय. क्लच आणि त्याचं ऑइल त्याच बाजूला, म्हणून संशय क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या) उजव्या सीलवर, म्हणजे ते ऑइल इंजिनात जाऊ न देणाऱ्या रबरी कड्यावर. मिस्त्री म्हणतात, बोअर करून घ्या, म्हणजे सिलिंडर आतून मोठे करून नवे पिस्टन. मला पटत नाही. मूळ पिस्टन उगाच का घालवायचे?

क्रँककेस (क्रँकभोवतीचं इंजिनचं कवच) न उघडता हे सील बदलता येतं का? डावंही सोबतच बदलेन म्हणतो, तिकडून हवा शिरली तर पिस्टन जाम व्हायचा. चांगली सीलं पुणे-कोल्हापुरात कुठे मिळतील? इंजिनला टू-स्ट्रोक ऑइल आपोआप पुरवणारा ऑटोल्यूब पंप चालू आहे, तो मला काढायचा नाही.