तीनशे रुपयांचा दंड आणि जन्मभराची नोंद: पुसायचा कायदा हवा की नको?

बुटीबोरीकर
माझं म्हणणं सरळ आहे. शिक्षा किरकोळ असेल, दंड भरून झाला असेल आणि पुढची सात वर्षं माणूस भानगडीत पडला नसेल, तर ती नोंद आपोआप बंद व्हावी. इंग्लंडमध्ये असा कायदा १९७४ पासून आहे. आपल्याकडे सज्ञान माणसाची शिक्षा पुसण्याची सर्वसाधारण तरतूदच नाही. अल्पवयीनांसाठी मात्र आहे: बालन्याय कायदा २०१५, कलम २४. सतरा वर्षं अकरा महिन्यांच्या पोरानं हाणामारी केली तर अपात्रता लागत नाही, नोंदही नष्ट करतात. तेच दोन महिन्यांनी केलं, की मरेपर्यंत चिकटतं. नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात गार्डची नोकरी धरायची म्हटलं तरी चारित्र्य पडताळणी आहेच.

सिव्हिल_लाइन्स
कायदा नको. आधी लोकांना हे कळू द्या, की ज्याला ते "मिटलं" म्हणतात ते मिटलेलंच नसतं. लोकअदालतीच्या दिवशी दोन वेगळे प्रकार होतात. साध्या मारहाणीत किंवा शिवीगाळीत फिर्यादीशी तडजोड झाली, तर आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच धरतात (बीएनएसएस, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे त्याचा नवा कायदा, कलम ३५९; जुन्या सीआरपीसीत ३२०). गुन्हा कबूल करून दंड भरला, तर ती दोषसिद्धी, म्हणजे गुन्हा शाबित. दोघंही घरी येऊन सांगतात, "केस संपली."
कोर्टाच्या आदेशाची नक्कल काढा आणि वाचा. समरी केसचा (झटपट चालवलेल्या किरकोळ खटल्याचा) आदेश बहुतेक वेळा एका पानाचा छापील नमुना असतो. नाव, कलम, "गुन्हा कबूल आहे का?" आणि पुढे पेनानं "होय". खाली दंड रु. ३००, न भरल्यास तीन दिवस साधी कैद. तुमची नोंद म्हणजे तो "होय".

बर्डीचा_पोट्टा
काहून बा, रोजी बुडवून दिवसभर कोर्टाच्या वऱ्हांड्यात बसलेला माणूस "होय" नाही म्हणणार तं काय म्हणणार? अन् मंग वर जाचं कसं ते सांगा. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यानं नुसता शंभर रुपयांपर्यंतचा दंड केला असेल, तं अपीलच नाही (बीएनएसएस ४१७). कबुली दिली असेल, तं अपील फक्त शिक्षा किती अन् कायदेशीर का, एवढ्यावरच (४१६). गरिबासाठी दोन्ही दारं बंद.

सिव्हिल_लाइन्स
तिसरं दार आहे, पुनरीक्षण, म्हणजे खालच्या कोर्टाचा आदेश वरच्या कोर्टाकडून तपासून घेणं. मुदत ९० दिवस. समन्स केसमध्ये (समरी खटलाही याच पद्धतीनं चालतो) कबुली शक्यतो आरोपीच्याच शब्दांत लिहावी लागते (२७५, जुनं २५२), त्यामुळे छापील "होय"वर बोट ठेवता येतं. पण आदेश रद्द झाला म्हणजे माणूस सुटला असं नाही, खटला पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतो. हे वकिलानं आधीच सांगायला हवं.
कबुली न देता शिक्षा झाली असेल, तर सत्र न्यायालयात ३० दिवसांत अपील. नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, म्हणून नकलेचा अर्ज निकालाच्याच दिवशी टाका. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज, आणि त्यात प्रत्येक टप्प्याचं कारण द्या. नुसतं "माहीत नव्हतं" टिकत नाही. अपिलातही कोर्टाच्या परवानगीनं तडजोड होते, आणि ती झाली की शिक्षा उरत नाही. रेकॉर्ड साफ करायची सगळ्यात स्वच्छ वाट हीच, आणि नेमकी हीच कोणी वापरत नाही.

महालकर
आणि प्रोबेशन? १९५८ च्या कायद्यानं समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं, तर कलम १२ प्रमाणे शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही. खालच्या कोर्टानं दिलं नसेल तर अपिलात मागता येतं, कलम ११.

सिव्हिल_लाइन्स
मागावंच. पण त्याला पुसणं म्हणू नका. सर्वोच्च न्यायालयानं १९९० मध्ये बक्षी राम प्रकरणात स्पष्ट केलं, की दोषसिद्धी कायम राहते आणि ज्या वागण्यामुळे ती झाली त्यावरून नोकरीही जाऊ शकते.

बर्डीचा_पोट्टा
म्हणूनच पोट्टे साक्षांकन नमुन्यात, म्हणजे नोकरीच्या वेळी भराच्या फॉर्मात, "शिक्षा झाली का" पुढं "नाही" लिहितात.

महालकर
आणि तिथेच फसतात. सर्वोच्च न्यायालयाचा अवतार सिंग निकाल, २०१६: शिक्षा क्षुल्लक असेल तर लपवल्याकडेही नियोक्ता दुर्लक्ष करू शकतो, खरं सांगितलं तरी उमेदवाराला नाकारू शकतो. पण त्याला "क्षुल्लक" म्हणायची संधी खरं लिहिल्यावर जास्त मिळते. रकाना नीट वाचा. "खटला चालू आहे का" आणि "कधी शिक्षा झाली का" हे दोन निराळे प्रश्न. दुसऱ्याला "होय" लिहून कलम, तारीख, दंडाची रक्कम टाका आणि आदेशाची नक्कल जोडा.

बुटीबोरीकर
हे सगळं खासगी एजन्सीच्या टेबलावर चालत नाही हो. तिथे "होय" दिसला की अर्ज बाजूला. आता पासपोर्ट कायदा बघा, कलम ६(२)(ई). नैतिक अधःपतनाचा गुन्हा, किमान दोन वर्षांची कैद आणि तीही अर्जाआधीच्या पाच वर्षांत, असं असेल तरच त्या कारणावरून नकार. देश सोडून जायला संसदेनं पाच वर्षांची रेघ आखली. फाटकावर उभं राहायला का आखू नये?

सिव्हिल_लाइन्स
नोकरीसाठी रेघ आखा, माझी हरकत नाही. नोंद जाळायला आहे. उद्या तोच माणूस दुसऱ्यांदा त्याच बाईला मारेल, तेव्हा पहिली शिक्षा कोर्टासमोर असलीच पाहिजे.

बुटीबोरीकर
मग कोर्टापुरती ठेवा, पडताळणीच्या दाखल्यात नको. मी एवढंच मागतोय.

महालकर
तोवर एक काम करा. अपिलात सुटलात तरी पोलीस ठाण्यातली नोंद आपोआप बदलेलच असं धरू नका. निकालाची प्रमाणित नक्कल, सोबत सीआर नंबर (ठाण्यातला गुन्हा नोंदणी क्रमांक) आणि वर्ष लिहिलेला अर्ज ठाण्यात द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेऊन ती जपून ठेवा.